उज्जैन ते महेश्वर, थोडं उजवीकडे ओढत

"महेश्वरपर्यंत येते. पण एकदाच," शैला म्हणाली. "काकू नाकासमोर सरळ चालली तर पुढेही बसेन. नाही चालली, तर घरी आल्या आल्या इंदूरवाल्याला फोन करायचा आणि देऊन टाकायची. मंजूर?"

मी मंजूर म्हणालो. नाहीतर काय म्हणणार? शैला ही माझी बायको. काकू ही माझी गाडी. साठच्या दशकातली, साईच्या रंगाची, मागून भारदस्त, वळायला नाखूश, आणि कुणाचं ऐकायचं नाही असा स्वभाव, म्हणून आमच्या फ्रीगंजच्या गल्लीत तिला काकू म्हणतात. कंपनीचं नाव सांगत नाही. तिने जे काही केलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही, हे पुढे कळेलच. इंदूरवाला म्हणजे लग्नाच्या वरातीला जुन्या गाड्या भाड्याने देणारा एक गृहस्थ. तो कधीपासून काकूवर डोळा ठेवून आहे. माझी काकू झेंडूच्या माळा घालून कुणाच्या तरी नवरदेवाला मिरवणार, या विचाराने मला जेवण गोड लागत नसे.

शैला गाडीत बसत नव्हती त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी फ्रीगंजच्या पुलावरून जुन्या शहराकडे उतरताना काकूचा ब्रेक लागलाच नाही. आम्ही अगदी सावकाश, लोकांना नमस्कार करता येईल इतक्या सावकाश, उताराच्या पायथ्याशी असलेल्या कचोरीवाल्याच्या बाकावर जाऊन टेकलो. बाक रिकामा होता, कुणाला काही झालं नाही. शैला उतरली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, ऑटो केली आणि घरी गेली. मी तिथेच कचोरी खाल्ली, कारण कचोरीवाल्याला काहीतरी तोंड दाखवणं भाग होतं.

त्यानंतर मी ब्रेकचा अभ्यास केला. वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस अभ्यासाला लागला की घरच्यांचं काही खरं नसतं. मास्टर सिलिंडर नवा घातला, होज बदलले. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुढच्या दोन्ही चाकांचे नवे ब्रेक शू आले. जुन्या गाडीत चाकाच्या आत एक लोखंडी डबा फिरत असतो, तो ड्रम. त्याच्या पोटात अर्धचंद्रासारखे दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर नावाची खरखरीत पट्टी चिकटवलेली असते. पाय दाबला की शू फाकतात, पट्टी ड्रमला घासते, गाडी थांबते. आयुष्यात थांबायला इतकंच लागतं, असं मी त्या काळात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. लोक येणं-जाणं कमी करू लागले होते.

दसऱ्याला आमच्याकडे पाने, पक्कड, मल्टीमीटर, सगळ्यांची पूजा होते. यंदा मी नवे शूही पाटावर मांडले. शैलाने विचारलं, "यातलं मुख्य काय हो?" मी लायनरवर बोटाने टकटक केलं आणि म्हणालो, "ही पट्टी. सगळा जीव हिच्यावर." मग तिने विचारलं डावं कुठलं, उजवं कुठलं. मी तेही दाखवलं, वर अर्धा तास व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी शू बसवले. बसवताना डाव्या बाजूच्या एका शूच्या पट्टीवर मला लालसर काहीतरी दिसलं होतं. चष्मा घामाने नाकावर घसरलेला होता. मला वाटलं, अस्सल मालाची खूण असणार. शेजारच्या जोशींना मी ती खूण अभिमानाने दाखवलीसुद्धा.

तर निघालो. मार्गशीर्षातली थंडी, सकाळचं धुकं, टॉवरजवळ पोहे-जिलबी. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: उज्जैनहून इंदूर, बायपासने राऊ, तिथून महू, महूहून जामगेट, आणि जामगेटचा घाट उतरला की मंडलेश्वर, महेश्वर. सिंहस्थ जवळ येतोय म्हणून इंदूर रस्त्यावर ठिकठिकाणी खणलेलं आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघा. जुनी गाडी असेल तर त्याहून लवकर निघा, कारण वाटेत प्रत्येक जण थांबवून विचारतो, "भिया, बेचोगे क्या?"

सुरुवातीला काकू शहाण्यासारखी वागली. शैला डाव्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, कुठल्याही क्षणी उतरायच्या तयारीत. मी मुद्दाम एक-दोनदा ब्रेक मारून दाखवला. सरळ! "बघ," मी म्हणालो. "बघतेय," ती म्हणाली.

इंदूरच्या वाटेवर सांवेरच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. दहा-बारा वेळा ब्रेक लावावा लागला, आणि मग एकदा जोरात लावला तेव्हा काकूने मान उजवीकडे फिरवली. उजवीकडून सोयाबीन भरलेली ट्रॉली येत होती. मी स्टेअरिंगला लोंबकळून गाडी परत डावीकडे आणली. शैलाने खिडकीची काच खाली केली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तूप तापल्यासारखा वास येतोय."

"पुढे कुठेतरी जिलब्या तळत असतील," मी म्हणालो.

सांवेरला चहाच्या टपरीपाशी थांबलो. जुनी गाडी उभी राहिली की माळव्यात आपोआप एक समिती बसते. एक म्हणाला, टायर में हवा कम-ज्यादा है. दुसरा म्हणाला, एलाइनमेंट. तिसरा चहा फुंकत म्हणाला, "भिया, गाड़ी बूढ़ी हो गई है, बुढ़ापे में सब एक तरफ झुकते हैं." मी या अडाणी मंडळींकडे दयेने पाहिलं. हवा तपासली, बरोबर होती. मग माझा सिद्धांत मांडला: गाडी उजवीकडे जाते, म्हणजे उजवा ब्रेक जास्त धरतो, म्हणजे दोष उजवीकडे. किती साधं! जॅक लावला, उजव्या चाकाचा ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमपासून किती लांब राहणार ते ठरवणारा स्क्रू, पान्याने सैल केला. समितीने माना डोलावल्या. शैला चहा पीत म्हणाली, "डावीकडचं बघायचं नाही का?"

"डावं ठीक आहे," मी म्हणालो. "मी स्वतः बसवलंय."

पुढे बायपासवर काकू थोडी बरी वाटली. खरं सांगायचं तर उजवा ब्रेक सैल केल्यामुळे आता दोन्हीकडून कमी धरत होता, इतकंच. म्हणजे सरळ चालण्यासाठी मी गाडीचं थांबणंच कमी करून टाकलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. मी शीळ घालत होतो. राऊच्या सिग्नलला एका बसच्या मागच्या पाटीवरची अक्षरं फार मोठी दिसायला लागली तेव्हा शीळ थांबली. सगळा जोर लावून पाय दाबला, काकू थांबली, पण पुन्हा उजवीकडे तोंड करून. बसमधल्या एका आजींनी मागच्या काचेतून आम्हाला हात जोडले.

"वास आहेच," शैला म्हणाली. "इथे तर कुणी जिलब्या तळत नाहीये."

"क्लचचा असेल," मी म्हणालो. मला काही सुचलं नाही की मी क्लचवर ढकलतो.

महूला एक गॅरेज गाठलं. मालक माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच आत्मविश्वासाचा, आणि आता कळतं की माझ्याइतकाच चुकीचा. "लाइन में हवा है साहब, सौ टका," तो म्हणाला. ब्रेकच्या तेलात हवेचा बुडबुडा असला की पायाखालचं पेडल मऊ लागतं हे खरं आहे, पण माझं पेडल मऊ नव्हतं, कडक होतं. तरी मी हो म्हणालो, कारण त्याने मला 'आप तो जानकार आदमी हैं' असं म्हटलं होतं. हवा काढली. हवा नव्हतीच. मग माझ्या आग्रहाने उजवा ड्रम उघडला. आतलं सगळं कोरडं, स्वच्छ, लखलखीत.

"डावाही उघडा ना," शैला स्टुलावरून म्हणाली.

गॅरेजवाला आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. "भाभीजी, गाड़ी राइट में जा रही है," तो समजावून म्हणाला. मी त्याच्याशी सहमत असल्याची मान हलवली. त्याने उजवा ड्रम बंद करताना ॲडजस्टर परत होता तसा कसला. म्हणजे सकाळपासून मी केलेलं एकमेव काम त्याने पुसून टाकलं, आणि त्याचे पैसेही मीच दिले.

एक सांगून ठेवतो. तुमची ड्रमवाली गाडी ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढत असेल, तर ज्या बाजूला ओढते ती बाजू बहुधा निर्दोष असते. ती बिचारी आपलं काम करत असते. दुसरी बाजू काम करत नाही, म्हणून हिच्यावर सगळं येतं. घरातही असंच असतं म्हणे. मला हे चाळीस वर्षांच्या संसारातून कळलं नव्हतं, महूलाही कळलं नाही.

महूनंतर रस्ता सुरेख आहे. गव्हाची कोवळी शेतं, मधेच सागाची झाडं, गर्दी नाही. जामगेट म्हणजे विंध्याच्या कडेवर उभी दगडी वेस. तिच्यापलीकडे जमीन एकदम खाली सुटते आणि दूर नर्मदेचं निमाड पसरलेलं दिसतं. होळकरांच्या काळातली वेस आहे, म्हणतात. रविवारी इथे इंदूरची पोरं, कणसं आणि मॅगी यांची गर्दी असते, म्हणून मधल्या वारी जा.

वेशीच्या आधी सपाट जागा आहे तिथे मी शेवटचं म्हणून एकदा ब्रेक तपासला. काकू उजवीकडे अशी वळली की समोर कणसं भाजणारी बाई सूप घेऊन उठली.

मी गाडी बाजूला लावली. खाली घाट होता. मी म्हणालो, "दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू उतरू. इंजिनच धरून ठेवतं गाडी. मी आहे ना."

शैला उतरली. दार हळू लावलं, तिने ते कधीच आपटलं नाही. वेशीच्या कठड्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही आहात हे माहीत आहे मला. मी नाही येत. आणि तुम्हीही जायचं नाही या गाडीतून. इथूनच इंदूरवाल्याला फोन करा, ट्रक घेऊन येईल तो."

माझं तोंड उतरलं. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला रडू आलं. गाडीसाठी नाही. दोन वर्षं मी रविवारी एकटाच त्या गाडीतून कोठी रोडवर चक्कर मारून येत होतो, आणि डावी सीट रिकामी असायची. लोक विचारायचे, वहिनी कुठे. मी सांगायचो, तिला काम आहे. आता वाटलं, संपलं. आता कायमचीच रिकामी.

"एक काम करा," शैला मागून म्हणाली. आवाज मऊ झाला होता, बहुतेक माझी पाठ बघून. "सकाळपासून तुम्ही उजवीकडेच बघताय. डावीकडे काय आहे?"

"डावीकडे तू आहेस," मी म्हणालो.

"मग बघा एकदा तिकडेही."

कणसं भाजणाऱ्या बाईने चाकाखाली लावायला दोन दगड दिले. मी जॅक चढवला, डावं चाक काढलं, ड्रमवर लाकडाच्या ठोकळ्याने दोन-चार ठोके दिले आणि ओढला. ड्रमच्या आतल्या धुळीवर कधी फुंकर मारू नका, नाकाला फडकं बांधा. मी शैलाचा स्कार्फ बांधला होता. ड्रम सुटला आणि आतून गरम वास आला. आत सगळं लालसर, चिकट. पट्टी चकचकत होती, आरशासारखी.

"गंज!" मी ओरडलो. "बघ, गंज आहे!"

शैला कठड्यावरून उठली. वाकून बघितलं. बोट लावलं, नाकाशी नेलं.

"हा गंज नाही हो," ती म्हणाली. "शेंदूर आहे. तुपातला. चिंतामणचा."

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो. उज्जैनमध्ये सायकल घेतली तरी ती आधी चिंतामण गणपतीला जाते. तुपात कालवलेला शेंदूर तिथून घरी आणायचा, गाडीला टिळा लावायचा, मगच चावी फिरवायची. हे इथल्या रक्तात आहे. फक्त टिळा बॉनेटला लावतात.

"तुम्हीच म्हणालात, मुख्य ही पट्टी, सगळा जीव हिच्यावर," शैला म्हणाली. "मग मी पाटावरच लावला, तुम्ही नैवेद्य आणायला आत गेलात तेव्हा. जरा जास्तच लावला. मला काय माहीत ती घासायची असते? अर्धा तास बोललात, पण तेवढं लक्षात नाही राहिलं माझ्या."

तूप! सकाळच्या थंडीत थिजलेलं, म्हणून काकू सरळ. ड्रम तापला की पातळ, म्हणून डावा ब्रेक सुळकन घसरायचा आणि उजवा एकटा ओढायचा. गावात गाडी तापेपर्यंत भाजीबाजार येतो, म्हणून कधी कळलं नाही. आणि वास! ती सांवेरपासून सांगत होती. आणि ती अस्सल मालाची खूण! जोशींना काय तोंड दाखवू?

मी हसत सुटलो. ती मात्र हसेना. डोळे भरले होते तिचे. "काही झालं असतं म्हणजे?" ती म्हणाली.

"पण एकाच शूला का लावलास? चार होते."

"शेंदूर एवढासाच उरला होता."

"मग डावीकडेच का?"

शैलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न फक्त मीच विचारू शकतो. "डावीकडे मी बसते ना," ती म्हणाली.

मी पाना खाली ठेवला. ही दसऱ्याची गोष्ट. मी तिला महेश्वरबद्दल विचारलं ते दिवाळी उलटून गेल्यावर, तेही महिनाभर शब्द जुळवून, आणि त्या अटीवर ती कबूल झाली तेव्हा मला केवढा पराक्रम वाटला होता. तिने दसऱ्यालाच ठरवलं होतं. मी विचारायची वाट बघत होती.

"सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुम्ही बोलू देता का मधे?" ती म्हणाली, आणि आता हसली.

तूप प्यायलेली पट्टी पुसून परत वापरता येत नाही, हे लक्षात ठेवा. पेट्रोलने धुवा, उन्हात ठेवा, काही उपयोग नाही, तापली की तूप पुन्हा वर येतं. ती टाकूनच द्यायची. सुदैवाने जुने शू डिकीत होते. मी काहीच टाकत नाही म्हणून शैला मला रोज बोलते. जुन्या पट्ट्या झिजलेल्या होत्या, पण थोडा माल शिल्लक होता. तिनेच त्या कापडातून सोडून दिल्या आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, हे मी नोंदवून ठेवतो. ड्रम स्प्रेने स्वच्छ केला. शू नेहमी दोन्ही बाजूंचे बदलायचे, म्हणून उजवीकडचेही काढले. दोन्ही ॲडजस्टर सारखे केले. कणसंवाल्या बाईने आम्हाला तिखट-मीठ चोळलेली कणसं दिली आणि विचारलं, "घी किसने लगाया?" आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे बोट केलं.

सपाट जागेवर ब्रेक मारला. सरळ. पुन्हा मारला. गाडी तापवून पुन्हा. सरळ! शैलाने स्वतः दार उघडलं आणि बसली. पर्स मागच्या सीटवर टाकली.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही, मधून मधून दाबायचा, म्हणजे ड्रम तापत नाहीत. प्रत्येक वळणावर शैलाचा उजवा पाय जमीन दाबत होता. तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता म्हणायचा, आणि तो काकूच्या ब्रेकपेक्षा भरवशाचा. खाली मंडलेश्वरला आलो तेव्हा तिने पाय सैल सोडला आणि "भूक लागली" म्हणाली.

महेश्वरबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी थोडक्यात आवरतो. घाटाच्या जवळ साधी, स्वच्छ खोली मिळते, सुट्ट्यांच्या दिवसांत मात्र आधी सांगून ठेवा. सकाळी पायऱ्यांवर बसा. हातमागावर साडी विणताना बघायला मिळते, आणि बघितली की घ्यावी लागते. शैलाने अंजिरी रंगाची घेतली. मी रंग कुठला चांगला यावर मत द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ब्रेक लागायला लागला होता.

परतीचा चढ काकूने कुरकुरत चढला. महूला त्या गॅरेजपुढून जाताना मी हॉर्न वाजवला नाही. वाजवला असता तर थांबून सगळं सांगावं लागलं असतं.

घरी पोचलो आणि दोनच दिवसांनी इंदूरवाल्याचा फोन आला. मी आंघोळीला गेलो होतो, शैलाने उचलला. मी दाराआडून ऐकलं. "नहीं भैया, गाड़ी नहीं देनी," ती म्हणत होती. "चलाने वाला चाहिए तो ले जाओ. उसका ब्रेक अभी भी नहीं लगता."

नवे शू मागवलेत. ते आले की बसवायच्या आधी शैला शेंदूर लावणार आहे, पण तिच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या झाकणावर. जागा आम्ही दोघांनी मिळून ठरवली. मी फक्त झाकणाच्या आतल्या बिजागरीबद्दल चार वाक्यं बोललो.

परवा तिला जुन्या शहरात जायचं होतं. दोन वर्षांच्या सवयीने मी विचारलं, "ऑटो बोलवू?"

"कशाला? काकू आहे ना," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन डावीकडे जाऊन बसली.

पूल चढलो. पलीकडचा उतार आला, पायथ्याशी तीच गर्दी, तीच कढई. कचोरीवाल्याने लांबूनच काकूला ओळखलं आणि गिऱ्हाइकांना उठवून बाक भराभरा आत ओढायला लागला. शैलाने डाव्या खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडली, "भैया, बेंच रहने दो! अब सीधी चलती है!"